समुद्र नसलेल्या जिल्ह्याची सुटी

परीक्षा संपत आल्या की मराठी घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो, 'यंदा कुठे?' उत्तरेही बहुतेक ठरलेली असतात. डोंगर हवा असेल तर महाबळेश्वर, माथेरान, फार तर आमच्या विदर्भाचे चिखलदरा. पाणी हवे असेल तर अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली, आणि खिशात थोडे जास्त असतील तर गोवा. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि विदर्भातल्या माणसालाही कोकण एकदम जवळचे वाटू लागले. या सगळ्या नावांत बुलडाण्याचे नाव कोणी घेत नाही. इतरांचे सोडा, आम्ही बुलडाणेकरही घेत नाही. 'शेगावला दर्शनाला या', असे आम्ही पाहुण्यांना अगत्याने सांगतो. जानेवारीत जिजाऊंच्या जन्मोत्सवाला सिंदखेड राजाला येण्याचा आग्रह धरतो. पण 'चार दिवस निवांत राहायला या, मुलांना घेऊन हिंडायला या', हे वाक्य काही आमच्या तोंडून निघत नाही. आमचा जिल्हा म्हणजे कापसाचा, सोयाबीनचा, देवदर्शनाचा. सुटीचा नव्हे, असे आम्हीच ठरवून टाकले आहे.

माझा जन्म याच जिल्ह्यातला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलायचे. आज घाटावर, तर उद्या घाटाखाली. पगारात लांबच्या सहली बसत नसत. परिणामी आमच्या सगळ्या सुट्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच झाल्या. पुढे नोकरीच्या निमित्ताने समुद्रही पाहिला आणि थंड हवेची नामांकित ठिकाणेही पाहिली. ती सुंदर आहेतच. पण आज नातवंडांना कुठे न्यावे असा विचार करतो, तेव्हा मन पहिल्यांदा राजूरचा घाट चढते, बोथ्याच्या जंगलातून जाते आणि लोणारच्या काठावर येऊन बसते.

समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. पण आमच्या पावसाची गंमत अशी की त्यातले काही पाणी पश्चिमेच्या समुद्राला मिळते, काही पूर्वेच्या समुद्राला मिळते, आणि थोडेसे पाणी कोठेच न जाता आमच्यापाशीच खारे होऊन राहते. आपल्या जिल्ह्याची सुटी मी या तीन पाण्यांच्या वाटेने मांडतो. चला तर माझ्याबरोबर.

घाटावर आणि घाटाखाली

बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला 'कुठले?' असे विचारले तर तो तालुका नंतर सांगतो. आधी 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' ते सांगतो. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते आणि जिल्ह्याचे सरळ दोन भाग करते. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे सात तालुके घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे सहा घाटावर. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर सपाट जमीन, वर मुरमाड चढउतार. खाली मुंबई-नागपूर रेल्वे, आणि वर जिल्ह्याचे ठाणे असूनही बुलडाण्याला आजतागायत रेल्वे नाही.

उन्हाळ्यात या फरकाची किंमत कळते. मे महिन्यात घाटाखाली ऊन अक्षरशः भाजून काढते. रात्री बारापर्यंत भिंती गरम असतात. अशा वेळी नांदुऱ्याची माझी आत्या मुलांना घेऊन आमच्याकडे बुलडाण्याला यायची. मलकापूरहून निघालेली एसटी मोताळा सोडून राजूरच्या घाटाला लागली, की खिडकीतून येणारा वारा बदलतो. आत्या म्हणायची, "वहिनी, घाटाच्या तिसऱ्या वळणावर माझं डोकं दुखायचं थांबतं." बुलडाणा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वराच्या मानाने ही उंची काहीच नाही. पण वऱ्हाडात राहणाऱ्याला ती पुरते. इंग्रज अधिकाऱ्यांनाही बुलडाण्याच्या हवेचे कौतुक होते. गावाचे नाव 'भिल्लठाणा' यावरून आले असे सांगतात.

घाट पाहायचा तर पावसाळ्यात पाहावा. जुलैचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की राजूर घाटातला उन्हाळ्यात राखेच्या रंगाचा झालेला डोंगर आठ दिवसांत हिरवा होतो. ढग खाली उतरतात आणि मोताळ्याच्या बाजूचे शेतांचे चौकोन दिसेनासे होतात. दिवाळीच्या सुमारास टोपल्यांतून सीताफळे येतात. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून खाल्लेल्या पिकलेल्या सीताफळाची चव शहरातल्या आइस्क्रीमला नाही, हे मी नातवंडांना पटवून दिले आहे.

एक आडनाव, दोन समुद्र

घाटाच्या माथ्यावर उभे राहिले की मुलांना भूगोलाचा एक धडा पुस्तकाशिवाय शिकवता येतो. येथे पडलेला पाऊस उत्तरेकडे वळला, तर नळगंगा किंवा ज्ञानगंगेतून घाटाखालच्या पूर्णेला मिळतो. ही पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीत विसर्जित होते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. तोच पाऊस चार पावले दक्षिणेला पडला, तर तो पैनगंगेचा होतो. पैनगंगा आमच्या बुलडाण्याजवळच्या डोंगरातच उगम पावते. येळगावच्या धरणात थांबून ती बुलडाणेकरांची तहान भागवते, मेहकरच्या कडेने पुढे जाते, आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करत थेट बंगालच्या उपसागरात पोहोचते. एकाच ढगातले दोन थेंब, एक सुरतेकडे आणि दुसरा आंध्रच्या किनाऱ्याकडे!

यातली आणखी मौज म्हणजे जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत. एक घाटाखालची, तापीची. दुसरी घाटावरची, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाच्या बाजूची, जिला आम्ही खडकपूर्णा म्हणतो, ती गोदावरीची. नाव एक, पण दोघींची सासरे दोन टोकांना. खडकपूर्णेवर देऊळगाव मही येथे धरण झाले असून त्या जलाशयाला संत चोखामेळ्यांच्या नावावरून 'संत चोखासागर' म्हणतात. चोखोबांचे जन्मगाव मेहुणा राजा याच परिसरातले. हिवाळ्यात सकाळी लवकर गेलात तर या पाण्यावर पक्ष्यांची चांगली वर्दळ दिसते. दुर्बीण असेल तर न्यावी, नसेल तर नुसते डोळेही पुरतात.

घाटाखालच्या पूर्णेच्या दोन्ही अंगांना मात्र एक वेगळीच कहाणी आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. विहीर खोदावी, बोअर मारावे, तर पाणी लागते, पण खारट. पिढ्यान्‌पिढ्या तेथील बायकांनी गोड्या पाण्यासाठी पायपीट केली आहे. 'समुद्र नाही, पण समुद्राचं पाणी मात्र आमच्याच वाट्याला', असे संग्रामपूरकडचे एक म्हातारे गृहस्थ मला हसत हसत म्हणाले होते. सहलीला निघालेल्या मुलांनी हेही पाहायला हवे. डोंगरावर अडवलेले पाणी खाली कोणाची तहान भागवते, हे कळले की धबधबा वेगळ्या नजरेने पाहिला जातो.

बोथ्याचा पाहुणा

बुलडाण्याहून खामगावला जाणारा रस्ता बोथ्याच्या जंगलातून उतरतो. हे ज्ञानगंगा अभयारण्य. १९९७ साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. आमच्या लहानपणी येथून रात्री एसटी निघाली की ड्रायव्हरच्या शेजारची जागा पकडण्यासाठी आम्हा भावंडांत भांडण व्हायचे. दिव्याच्या झोतात चमकणारे डोळे कोण आधी पाहतो, याची पैज असे. कधी नीलगाय, कधी रानडुक्कर, क्वचित बिबट्या. वाघाची गोष्ट मात्र फक्त आजोबांच्या तोंडची होती.

आणि मग २०१९ साली तो खरोखरच आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा तरुण नर वाघ. वन खात्याच्या कागदावर त्याचे नाव टी१सी१. पुढे जगाने त्याला 'वॉकर' म्हटले. जून २०१९ मध्ये तो घरून निघाला. महाराष्ट्रातले सात जिल्हे आणि तेलंगणाचा काही भाग पालथा घालत, शेते, नाले, महामार्ग ओलांडत, नऊ महिन्यांत त्याने तीन हजार किलोमीटरहून अधिक चाल केली. भारतात नोंद झालेली वाघाची ही सर्वांत लांब भटकंती ठरली. आणि एवढे सगळे पाहून त्याने मुक्काम ठोकला तो आमच्या ज्ञानगंगेत. ज्या जंगलाकडे आम्ही 'खामगावला जाताना लागणारी झाडी' म्हणून पाहत होतो, ते त्याला राहण्याजोगे वाटले. तेव्हा या जंगलात तो एकटाच वाघ होता. त्याला जोडीदारीण आणावी काय, याचाही वन खात्यात विचार झाला.

वाघ पाहायला मिळेल म्हणून येथे जाऊ नये. सागाची पाने वाळून गळू लागली की त्यांच्यावरून चालणाऱ्या मोराचा आवाज ऐकायला जावे. पावसाळ्यानंतर भरलेल्या तळ्याकाठी पाणी प्यायला येणाऱ्या जनावरांसाठी गप्प बसायला जावे. घरातल्या मुलांना अर्धा तास गप्प बसवणारे दुसरे ठिकाण मला तरी माहीत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दुसरा डोंगर आहे, सातपुडा. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या पाठीशी तो भिंतीसारखा उभा आहे. शेगावला दर्शन झाले, स्टेशनवरची गरम कचोरी खाल्ली, की बहुतेक मंडळी परतीची गाडी धरतात. त्याऐवजी एक दिवस जास्त काढून उत्तरेला जावे. संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. कोरकू आणि भिल्ल बांधवांच्या वस्त्या या डोंगराच्या कुशीत आहेत. अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या सीमेवर वाण नदी सातपुड्यातून बाहेर पडते. तेथे धरणाचा हनुमान सागर आहे आणि जवळच वारीचे हनुमानाचे ठाणे. नदीचे पात्र देखणे, पण डोह खोल आहेत. पाय भिजवण्यावर समाधान मानावे. पोहण्याचा मोह मुलांना आणि त्यांच्या बापांनाही होऊ देऊ नये.

जेवणाची चिंता नको. सांगितले तर गावात कोणीही ज्वारीची भाकरी, ठेचा आणि बेसन करून वाढते. आणि कोणाच्या शेतात रोडग्यांचा बेत असेल, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरून तूप, तर पुढचा कार्यक्रम खुशाल रद्द करावा.

तिसरे पाणी

आता त्या पाण्याकडे येऊ, जे कोठेच जात नाही. मेहकरहून सुमारे २५ किलोमीटरवर लोणार. गाव साधे, रस्ता साधा, आणि मग अचानक जमीनच संपते. खाली एक प्रचंड गोल वाडगा, त्याच्या उतारांवर दाट झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. काठापासून काठापर्यंत सरासरी १.८ किलोमीटर, खोली सुमारे १३७ मीटर. कोणे एके काळी आकाशातून आलेली उल्का येथे आदळली आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात हे विवर झाले. नेमके कधी, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. काहींच्या मते सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी, तर २०१० च्या सुमारास झालेल्या अभ्यासानुसार साडेपाच लाखांहूनही अधिक वर्षांपूर्वी. बेसाल्ट खडकातली अशी आघात-विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत, आणि चंद्रावरची अनेक विवरे याच जातीच्या खडकात असल्यामुळे जगभरचे अभ्यासक आमच्या लोणारला येतात. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पण त्याच्या कितीतरी आधी 'आईन-इ-अकबरी'त येथल्या साबण आणि काच बनवण्याच्या क्षारांचा उल्लेख आला आहे, आणि त्याच्याही आधी पुराणांनी लवणासुराची कथा सांगून ठेवली आहे. त्या दैत्याला मारणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात उभे आहे. त्याच्या कोरीव भिंती सावकाश, एक फेरी घालून पाहाव्यात.

माझी आजी मेहकरकडची. तिने समुद्र कधीच पाहिला नाही. आम्ही मुले मुंबई पाहून आलो आणि समुद्राचे पाणी खारट असते असे ऐटीत तिला सांगू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय नवल हाय बापा? आपल्या लोणारचं पानी काय गोड हाय?" तिचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. हे पाणी खारट आहेच, शिवाय विलक्षण अल्कधर्मी आहे. त्यात सूक्ष्म निळे-हिरवे शैवाल वाढते. पाण्याचा हिरवा रंग त्याचाच. आणि याच विवराच्या कडेला गोमुखाची गोड्या पाण्याची धार बारा महिने वाहते. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ 'सासू-सुनेची विहीर' आहे. तिच्या एका अंगाचे पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचे खारट, असे लोक सांगतात. गोड कोण आणि खारट कोण, यावर प्रत्येक कुटुंबात वेगळे मत पडते!

जून २०२० मध्ये, सगळा देश घरात बसलेला असताना, हे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि लोणारचे नाव जगभर गेले. पाणी आटून क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसह इतर संस्थांच्या तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे.

पण कौतुकाबरोबर काळजीही सांगायला हवी. लोणारचे सारे वेगळेपण त्याच्या पाण्याच्या खारेपणात आहे. ते शैवाल, ते सूक्ष्मजीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत. गावाचे सांडपाणी आणि काठच्या शेतांतली खते-औषधे या वाडग्यात उतरली, तर ती बाहेर पडायला वाटच नाही. नदी घाण झाली तर ती पुराने थोडीफार धुऊन निघते. येथे जे पडले ते येथेच राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला या सरोवराच्या रक्षणासाठी वेळोवेळी लक्ष घालावे लागले आहे, यातच सगळे आले. २००० साली हा परिसर वन्यजीव अभयारण्य झाला. कायदे पुष्कळ आहेत. कमी आहे ती आपलेपणाची नजर. कोकणातल्या माणसाला समुद्र जसा आपला वाटतो, तसे हे सरोवर आम्हा जिल्हावासीयांना वाटते काय? खामगाव-मलकापूरकडची कितीतरी कुटुंबे मी अशी पाहिली आहेत, ज्यांनी गोवा दोनदा पाहिला आहे आणि लोणार एकदाही नाही.

चार दिवसांचा बेत

म्हणून माझा आग्रह असा की यंदाच्या सुटीतले चार दिवस या जिल्ह्यासाठी काढावेत. बाहेरच्यांनी तर काढावेतच, पण आम्ही जिल्ह्यातल्यांनी आधी. दिवाळीची सुटी सर्वांत उत्तम; हिरवळ टिकून असते आणि ऊन सोसवते. रेल्वेने शेगाव किंवा मलकापूरला उतरावे. पहिला दिवस शेगाव आणि सातपुड्याचा पायथा. दुसऱ्या दिवशी बोथ्याच्या जंगलातून घाट चढून बुलडाण्याला मुक्काम. तिसऱ्या दिवशी चिखली-मेहकरमार्गे लोणार. वाटेत मेहकरला १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती पाहावी. लोणारला रात्री राहावे, कारण सरोवर पाहावे ते सूर्य उगवताना. उतरण्यापूर्वी वन खात्याचे नियम विचारून घ्यावेत, आणि बरोबर नेलेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक बाटली परत वर आणावी.

चौथा दिवस सिंदखेड राजाला द्यावा. जिजाऊंचे जन्मस्थान असलेला लखुजी जाधवांचा वाडा सगळे पाहतात. पण मोती तलाव आणि चांदणी तलाव फार थोडे पाहतात. चार शतकांपूर्वी या कमी पावसाच्या मुलुखात पाणी कसे अडवले, साठवले आणि त्याच्या काठी बसायला जागाही कशी केली, ते तेथे दिसते. २०२४ साली लखुजींच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याला उत्खननात शेषशायी विष्णूची सुंदर मूर्ती सापडली. म्हणजे अजून पोटात बरेच काही घेऊन हे गाव बसले आहे. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेड राजाजवळून जातो. २०२५ च्या जूनपासून तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण सुरू झाला, तेव्हा मुंबई-नागपूरकरांना आता लांबचे निमित्तही उरलेले नाही. फक्त त्या रस्त्यावरच्या वेगात आमचा जिल्हा तासाभरात मागे पडतो. तेवढा वेग खाली उतरण्याच्या फाट्यावर सोडून यावे.

आमच्याकडे लाटा नाहीत, वाळू नाही, नारळाची झाडेही नाहीत. दोन डोंगर आहेत, दोन समुद्रांना पाणी पोचवणाऱ्या नद्या आहेत आणि जगात दुसरीकडे सहसा न मिळणारे एक खारे सरोवर आहे. ज्यांनी ते पाहिले असेल, तेच उद्या त्याच्यासाठी ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, मंत्रालयात भांडतील. मुलांना म्हणूनच आताच न्या. सीताफळांचे दिवस साधता आले तर अधिक बरे.